परसातल्या लिंबावर खैऱ्या: फवारणीआधी पान चाचपून पाहा

श्रावणात उघडीप मिळाली की कागदी लिंबाला नवी पालवी फुटते आणि तिच्यावर डाग दिसू लागतात. लगेच औषधाच्या दुकानाकडे धावू नका. आधी डागावरून बोट फिरवा. खैऱ्या हा लिंबाचा जिवाणूजन्य रोग. त्याचा डाग पानाच्या दोन्ही बाजूंनी उठलेला, खरखरीत लागतो आणि भोवती पिवळं वलय असतं. फांद्यांवर, फळांच्या सालीवरही तसेच फोड येतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा जस्त कमी पडतंय. तिथे बुरशीनाशक वाया जाईल. चंदेरी नागमोडी रेघा आणि आक्रसलेलं पान म्हणजे नागअळी. तिच्याकडे काणाडोळा नको, कारण तिने केलेल्या जखमांतून खैऱ्याचे जिवाणू आत शिरतात.

हे जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांनी आणि वाऱ्याने पसरतात. म्हणून ओल्या झाडाला कात्री लावूच नये. कोरड्या दिवशी रोगट फांद्या डागाच्या बऱ्याच खाली कापा, कात्री स्पिरिटने पुसत राहा. कापलेलं आणि गळालेलं सगळं जाळा. खताच्या खड्ड्यात नको.

मग १ टक्का बोर्डो मिश्रण. घरच्या एक-दोन झाडांना १० लिटर पुरतं: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडी नको. चुन्याची निवळी गार झाल्यावर गाळा आणि दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. त्यात लोखंडी पातं बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी निवळी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा, शिळं मारण्यात अर्थ नाही. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड, १० लिटरला ३० ग्रॅम. हातमोजे, तोंडाला फडकं हवंच, आणि तयार लिंबं आधी उतरवून घ्या.

पडलेले डाग फवारणीने जाणार नाहीत. वाचवायची असते ती पुढची पालवी, त्यामुळे कोवळी पानं दिसताच फवारा आणि पावसाळाभर साधारण महिन्याने पुन्हा. नागअळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क, पण वेगळ्या दिवशी. बोर्डोत काहीही मिसळू नका.

झाड दरवर्षी असंच वैतागत असेल, तर नवीन रोप लावताना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं साई सरबती वाण विचारा. खैऱ्याला ते बऱ्यापैकी तोंड देतं.