पॅनिंग करताना या चुका टाळा: बिघडलेला फोटो कसा वाचावा

धावत्या सायकलस्वाराबरोबर कॅमेरा फिरवत मंद शटरवर (म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवून) फोटो घेतला की सायकलस्वार रेखीव आणि मागचे शहर आडव्या रेषांत ओढलेले दिसावे, ही पॅनिंगकडून अपेक्षा असते. ती पुरी होत नाही असे दिसताच अनेक जण शटरस्पीड १/५०० सेकंदापर्यंत वाढवतात, आणि मग सायकल स्पष्ट येते, पण रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी दिसते. त्यापेक्षा बिघडलेला फोटो पडद्यावर मोठा करून त्यातली धूसरता कोणत्या दिशेने पसरली आहे ते पाहावे, कारण नेमकी चूक त्यावरून कळते.

चेहरा, हँडल आणि सायकलची चौकट आडवी ओढली गेली असेल, तर कॅमेऱ्याचा आणि विषयाचा वेग जुळलेला नाही. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे बटण दाबण्याच्या क्षणी हात थबकणे. पावले आधीच त्या जागेकडे रोखून ठेवावीत जिथे विषय अगदी समोर येणार आहे, मग फक्त कमरेतून वळून त्याला लांबूनच फ्रेममध्ये घ्यावे, जेणेकरून तो समोर येईपर्यंत अंग सैल आणि सरळ झालेले असेल. शटर बंद झाल्यावरही कॅमेरा फिरवत राहावा. सायकलसाठी १/३० ते १/६० पासून सुरुवात करणे बरे. त्याहून मंद शटर हात बसल्यावर वापरावे.

ओढ उभी दिसत असेल, तर हात वरखाली होत आहे. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, आणि लेन्सवर स्थिरीकरणाचा ‘मोड २’ असेल तर तो निवडावा, कारण तो आडव्या हालचालीला विरोध न करता फक्त उभी थरथर सावरतो. मात्र बैलगाडा शर्यतीच्या घाटात हा नियम अपुरा पडतो. तिथे बैलांची डोकी आणि खांदे स्वतःच वरखाली उसळत असतात, त्यामुळे हात कितीही स्थिर असला तरी १/३० ला चेहरे पुसट येतात. १/८० ते १/१२५ इतका शटरस्पीड ठेवावा आणि पाय धूसर राहिले तर खुशाल राहू द्यावेत.

पुढचे चाक स्पष्ट आणि मागचे ओढलेले असेल, तर आपण वाइड लेन्स घेऊन फार जवळ उभे आहोत, किंवा विषय तिरपा असताना बटण दाबले आहे. थोडे मागे सरून ७० ते १३५ मिलिमीटरची लेन्स वापरावी. सगळेच मऊ दिसत असेल आणि धूसरतेला दिशाच नसेल, तर चूक फोकसची आहे: कॅनन कॅमेऱ्यात ‘सर्वो’, निकॉन आणि सोनीमध्ये ‘एएफ-सी’, म्हणजे हलत्या विषयावर सतत फोकस जुळवत राहणारा मोड लावावा.

तंत्र अचूक असूनही फोटोत गती दिसत नाही, तेव्हा पार्श्वभूमी तपासावी. मोकळ्या आकाशातून किंवा सपाट समुद्रातून रेषा निघत नाहीत. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर म्हणून समुद्राकडे पाठ करून पदपथावर उभे राहावे. गिरगाव चौपाटीकडे जाणारी वाहने तिथून जवळच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे जातात आणि मागे इमारतींच्या खिडक्या, गच्च्या, झाडे असा भरपूर ऐवज मिळतो. सकाळी सूर्य इमारतींमागे असल्याने चेहरे काळवंडतात, तर संध्याकाळी तो पाठीमागून थेट विषयावर प्रकाश टाकतो. भर दुपारी अडचण वेगळी असते. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १०० आणि १/१०० ला लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके लहान लागते, म्हणजे १/२५ ला उतरायचे तर त्याहून लहान, एफ/३२ हवे, जे अनेक लेन्सना जमतच नाही. शिवाय इतक्या लहान छिद्राने चित्र मऊ होते आणि सेन्सरवरचा प्रत्येक धूलिकण उठून दिसतो. तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारा एनडी फिल्टर (लेन्सपुढची करडी काच) लावला की तेच काम एफ/११ वर होते.

मागचे खांब तिरपे झुकलेले दिसले, तर इलेक्ट्रॉनिक शटरवर (ज्यात पडदा न हलता सेन्सरच चित्र टिपतो) संशय घ्यावा, कारण बहुतेक सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतात आणि तेवढ्या वेळात फ्रेम पुढे सरकलेली असते. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग याने १९१० च्या दशकात टिपलेल्या शर्यतीच्या मोटारीच्या प्रसिद्ध फोटोत, चित्र असेच पट्ट्यापट्ट्याने टिपणाऱ्या जुन्या पडदा-शटरमुळे, मोटारीचे चाक पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक उलट्या दिशेला. याचा अर्थ कॅमेरा फिरला, पण मोटारीपेक्षा हळू. आपल्या फोटोत फक्त खांबच झुकले असतील आणि विषय ताठ असेल, तर हाताचा वेग बरोबर आहे. मेकॅनिकल शटर लावावे आणि बाकी काही बदलू नये.