कुणी न विचारलेल्या तबकड्या: निवडाव्यात कशा, वाजवाव्यात कशा

जुन्या रेकॉर्डच्या ढिगाऱ्यात सगळ्यांचे हात आधी हिंदी सिनेमाकडे जातात. मी तळापासून सुरुवात करते. कीर्तन, भारूड, पोवाडा, नाटकातला विनोदी प्रवेश, लिंग्वाफोनचे भाषेचे धडे, नाहीतर एखादं पेटीवादन. गाजलेली गाणी कुठेही ऐकायला मिळतात. विस्मरणात गेलेल्या कीर्तनकाराचा आवाज मात्र कदाचित हातातल्या त्या एका तबकडीतच उरलेला असतो. म्हणून लेबलवरचं नाव ओळखीचं नसेल, तर ती रेकॉर्ड आधी बाजूला काढा.

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट, सोबत छोटी टॉर्च न्या. लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी जड आणि ठिसूळ असते. मधल्या भोकात बोट घालून ती उभी धरा आणि कडेला हलकी टिचकी मारा. मडकं घेताना वाजवून बघतो तसंच. तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग टॉर्चचा उजेड तिरपा पाडा. करडी पडलेली खाच म्हणजे सुईने झिजलेली रेकॉर्ड. वरवरच्या ओरखड्यांना घाबरू नका; नख अडकेल असाच ओरखडा त्रास देतो.

एचएमव्हीच्या कुत्र्यापाशी थांबू नका. ओडियन, कोलंबिया, आणि विशेषतः मुंबईची यंग इंडिया शोधा. नवख्या, हौशी कलाकारांना या कंपनीने पुष्कळ वाव दिला, त्यामुळे अनोळखी नावं तिथे खूप सापडतात. लेबल फाटलं असेल तर त्याच्या कडेच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक वाचा. माझ्याकडच्या एका पेटीवादनाच्या तबकडीवरचं नाव पाण्याने धुऊन गेलंय, पण क्रमांक स्वच्छ आहे. तो जुन्या कॅटलॉगशी ताडून बघता येतो.

धुताना एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: लाखेला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, लेबल कोरडं ठेवा, मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा.

एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या लाँग-प्ले रेकॉर्डची सुई ७८ ला चालत नाही. तिचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं. ते रुंद खाचेच्या तळाशी जाऊन खरखर उचलतं. ७८ साठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर दुर्मीळ तबकडी लावू नका, त्याच्या जड सुईच्या भाराने खाच झिजते.

वेगाचं मला फार महत्त्व वाटतं. लेबलवर ७८ छापलेलं असलं तरी जुनी ध्वनिमुद्रणं नेमकी त्याच वेगाची असतील असं नाही. मी पेटी शिकवते, त्यामुळे साथीच्या पेटीचा सा आधी शोधते. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडला, तर वेग चुकलाय असं समजून पिच कंट्रोल, म्हणजे वेग कमीजास्त करायची कळ, थोडी हलवून आवाज माणसासारखा कधी लागतो ते बघते.

आणि गाणं संपलं म्हणून सुई लगेच उचलू नका. १९०८ मध्ये कोलकात्याला कारखाना निघण्याआधी ग्रामोफोन कंपनीची भारतातली ध्वनिमुद्रणं तबकडीवर छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या लोकांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गायक शेवटी आपलं नाव सांगत. पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर, खरखर न गाळता, प्रत करा, आणि फाइलला कंपनी, क्रमांक, बाजू अशी नावं द्या.