पगारातल्या पीएफमधून पेन्शन कसं बनतं, ते असं तपासा

अंधेरीतल्या कंपनीची पगाराची स्लिप घ्या. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ३०,००० असेल, तर तुमचे १२ टक्के म्हणजे ३,६०० कापले जातात आणि ते सगळे पीएफ खात्यात जातात. पेन्शनला तुमच्या खिशातला एक रुपयाही लागत नाही. कंपनीच्या ३,६०० मधले १,२५० पेन्शन फंडात वळतात (१५,००० च्या मर्यादेवर ८.३३ टक्के), उरलेले २,३५० पीएफमध्ये. पेन्शन फंडात वर केंद्र सरकार त्याच मर्यादेत १.१६ टक्के घालतं.

आता उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडा. पेन्शनच्या रकान्यात व्याज दिसणार नाही; घाबरू नका, तिथे ते मिळतच नाही. पेन्शन ठरतं सूत्राने: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पेन्शनपात्र पगार (जास्तीत जास्त १५,०००) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. २० वर्षं सेवा करून ५८ ला निवृत्त झालात, तर २ वर्षं बोनस: १५,००० × २२ ÷ ७० = ४,७१४ रुपये महिना. मुंबईत एवढ्यात घरभाडंसुद्धा निघत नाही, म्हणून पीएफ मधेच काढू नका.

घोळ होतो तो इथे: १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलात आणि तेव्हाच बेसिक-डीए १५,००० च्या वर असेल, तर कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन फंडात वळवायलाच नकोत. वळवले असतील, तर एचआरकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या. नंतर क्लेम अडकतो. नोकरी बदलताना जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली का, तेही पाहा. दहा वर्षं सेवा भरली नाही, तर मासिक पेन्शन नाही.