येशूवर शॉर्टफिल्म करताय? आधी एकच शुभवर्तमान हातात घ्या

उपवासकाळ जवळ आला की तरुण संघात विषय निघतोच, यंदा ईस्टरला येशूवर शॉर्टफिल्म करू. नक्की करा. आपल्या नाशिककरांचा तर हा हक्कच आहे, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट बघितला आणि तिथूनच १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा ध्यास लागला.

कॅमेऱ्याचं नंतर बघू, पहिलं काम म्हणजे बायबलमधली चारही शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची, येशूचं जीवन सांगणारी पुस्तकं) वाचून त्यातलं एक निवडणं. आम्ही पहिल्या वर्षी इथेच चुकलो, मत्तयातले मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, लूकमधले मेंढपाळ, योहानातला येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर असं सगळं वीस मिनिटांत कोंबलं आणि गॅदरिंगमधल्या देखाव्यांसारखं झालं, कुणाच्याच मनाला भिडलं नाही. मार्कात जन्माची गोष्टच नाही, थेट बाप्तिस्म्यापासून सुरुवात, म्हणून वेग पाहिजे असेल तर मार्क घ्या. इटालियन दिग्दर्शक पासोलिनीने १९६४ मध्ये सिनेमासाठी फक्त मत्तय घेतला, नट नसलेली साधी माणसं घेतली, म्हाताऱ्या मरीयेच्या भूमिकेत स्वतःची आई, आणि शूटिंग इस्राएलात नाही तर दक्षिण इटलीत. मग आपल्याला खजुराची झाडं कशाला हवीत, गंगापूर धरणाच्या काठावर पहाटे येशूचा तळ्याकाठचा गालील प्रांत सापडतो की (परवानगी मात्र आधी काढा).

दुसरं, गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची ते ठरवा. आम्ही नंतर योहान घेतला आणि येशूचा शिष्य पेत्र याला धरलं. अठराव्या अध्यायात येशूला अटक झालीय, थंडी आहे म्हणून चाकरांनी अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलाय, पेत्र शेकत उभा आहे, आणि तीन वेळा तो येशूला नाकारतो, आणि लगेच कोंबडा आरवतो. एकविसाव्या अध्यायात मेलेल्यांतून पुन्हा उठलेला येशू तळ्याकाठी कोळशांवरच मासे भाजतोय आणि पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस काय? दोन शेकोट्या, झाली तुमची फिल्म! पहिल्या शेकोटीवर पेत्राचे पसरलेले हात क्लोजअपमध्ये घ्या, दुसरीपाशी तेच हात त्याला पुढे करवत नाहीत एवढंच दाखवा, रडारड नको.

येशूचा चेहरा दाखवलाच पाहिजे असं नाही. १९५९ च्या 'बेन-हर' सिनेमात त्याचा चेहरा दिसतच नाही तरी येशूचं असणं जाणवतं. चिकटवलेली दाढी क्लोजअपमध्ये लगेच कळते, त्यापेक्षा पाठ, हात, आणि समोरच्याचा चेहरा घ्या.

भाषेचं म्हणाल तर येशूची वाक्यं शास्त्रातलीच ठेवा, आपल्या आजीआजोबांना ती पाठ असतात, पण बाकीच्यांना घरच्यासारखं बोलू द्या. दारावरची पोरगी विचारेल, "तू पण त्याच्यातलाच ना रे?" आणि पेत्र म्हणेल, "नाही गं, मी नाही." आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, योहानात विरोधकांसाठी 'यहूदी' शब्द सारखा येतो पण येशू, मरीया, पेत्र सगळे यहूदीच होते, म्हणून संवादात 'मुख्य याजक', 'शिपाई' असं नेमकं लिहा, अख्ख्या समाजावर दोष जाता कामा नये.

कोंबड्याचा आवाज नेटवरून घेऊ नका, ओळखीच्या मळ्यात पहाटे जाऊन गावठी कोंबडा मोबाईलवर रेकॉर्ड करा. तो एकदाच वाजवा आणि पुढे पाच सेकंद म्युझिक वगैरे काही नको, फक्त कोळसे तडतडताना ऐकू येऊ द्या.