विमानात न्यायचा टॅब्लेट: आधी जीपीएस, मग बाकी सगळं

गेल्या वर्षी आमच्या फ्लाइंग क्लबात पुण्याचा एक मुलगा शिकायला आला. पहिली सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण, झाली त्याच आठवड्यात त्याने नवा कोरा टॅब्लेट घेतला. घरी सोफ्यावर बसून नकाशाचं ॲप उघडलं, तर निळा ठिपका बरोब्बर त्याच्या इमारतीवर. दोन दिवसांनी आम्ही कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून निघालो. मी विमान चालवत होते, तो शेजारी टॅब्लेट मांडीवर घेऊन. आम्ही तीन हजार फुटांवर पोचलो तरी ठिपका हँगरपाशीच उभा. त्याने दुकानात मुद्दाम विचारलं होतं, ‘यात जीपीएस आहे ना?’ आणि काउंटरवरचा माणूस ‘हो’ म्हणाला होता.

त्या टॅब्लेटमध्ये जीपीएस नव्हताच. आसपासच्या वाय-फाय राउटरवरून तो जागेचा अंदाज बांधत होता. शहरात हा अंदाज इतका अचूक येतो की कुणालाही तो जीपीएसच वाटेल. हवेत राउटर कुठून आणणार? म्हणून टॅब्लेट घेताना पहिला प्रश्न स्क्रीनचा नाही, किमतीचाही नाही. उपग्रहाचे सिग्नल घेणारी चिप आत आहे का, हा आहे.

आयपॅडच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. खोक्यावर ‘वाय-फाय + सेल्युलर’ लिहिलेलं असेल तरच आत जीपीएस. नुसतं ‘वाय-फाय’ असेल तर नाही, मग तो कितीही महागाचा असो. २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड मिनीची किंमत सुरुवातीला वाय-फायसाठी ४९९ डॉलर आणि सेल्युलरसाठी ६४९ डॉलर होती. हे वरचे दीडशे डॉलर सिमसाठी नाहीत, आपल्या दृष्टीने ते जीपीएसचे आहेत. डेटा प्लॅन घ्यायची गरज नाही. सिम कधीच चालू केलं नाही तरी जीपीएस चालतो, आणि एअरप्लेन मोडमध्येही चालतो. उडताना तो मोड लावूनच ठेवा.

जुना किंवा रिफर्बिश्ड घेणार असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथे आयएमईआय, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, दिसला की तो सेल्युलर मॉडेल. नंबर नसेल तर परत द्या.

अँड्रॉइडची गोष्ट वेगळी. तिथे नुसत्या वाय-फायच्या कित्येक टॅब्लेटमध्येही जीपीएस असतो आणि काही स्वस्त टॅब्लेटमध्ये नसतो, त्यामुळे त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत ‘जीपीएस’ हा शब्द डोळ्यांनी वाचायचा. सॅमसंगचे गॅलेक्सी टॅब ॲक्टिव्ह मला या कामासाठी आवडतात: दणकट, ८ इंची आकारातही मिळतात, आणि बॅटरी काढून दुसरी घालता येते. पण टॅब्लेट ठरवण्याआधी वैमानिकांचे नकाशे दाखवणारं ॲप ठरवा. अमेरिकेत बहुतेक जण वापरतात ते फोरफ्लाइट फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं. गार्मिन पायलट दोन्हीकडे चालतं. अव्हेअर हे अँड्रॉइडवरचं मोफत ॲप आहे आणि दृश्य-उड्डाणासाठी, म्हणजे बाहेर बघत उडण्यासाठी, त्यावर छान भागतं. आधी टॅब्लेट आणि मग ॲप, असं उलटं केलं की खिशाला भुर्दंड बसतो.

आता आकार. मोठा स्क्रीन दुकानात भुरळ घालतो, पण सेस्ना १७२ या छोट्या विमानाचं कॉकपिट म्हणजे दोन माणसांचे खांदे एकमेकांना लागतील एवढी जागा. पुठ्ठ्याचा एक तुकडा कापा, २० बाय साडेतेरा सेंटिमीटरचा. मिनी साधारण एवढाच आहे. दुसरा कापा २५ बाय १८ चा, तो ११ इंची. दोन्ही घेऊन उभ्या विमानात बसा, मांडीवर बांधा, आणि योक (विमान वळवायचं हँडल) पूर्ण मागे ओढून डावी-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा. माझ्या मांडीवर ११ इंची पुठ्ठा योकला अडला. योकवर बसवला तर मागची उपकरणं झाकली गेली. मी मिनीच घेतला, आणि तो नीबोर्डवर, म्हणजे मांडीला बांधायच्या पाटीवर, ठेवते. उंच माणसाचा निकाल वेगळा लागू शकेल, म्हणून पुठ्ठा कापायचा आळस करू नका.

त्याच भेटीत नेहमीचा उन्हाचा चष्मा घालून टॅब्लेट उभा-आडवा धरून बघा. पोलराइज्ड काचांमधून काही स्क्रीन एका दिशेने जवळजवळ काळे दिसतात. स्वस्तातल्या साध्या आयपॅडवर चमक कमी करणारा थर नसतो, मिनीवर असतो. दुपारच्या उन्हात हा फरक चांगलाच जाणवतो. स्टोरेज १२८ जीबी पुरे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उष्णतेची. आयपॅडसाठी ॲपलनेच दिलेली मर्यादा आहे ३५ अंश सेल्सिअस. आमच्या सेंट्रल व्हॅलीत जुलैमध्ये सावलीतच ३८ असतं. एका जुलैत मी आणि नवरा हॅरिस रँचला गेलो होतो. अरुंद पट्टी, शेजारीच रेस्टॉरंट, पायलट मंडळी खास जेवायला तिथे उतरतात. जेवून येईपर्यंत माझा त्या वेळचा टॅब्लेट विंडशील्डखाली उन्हात राहिला होता. हात लावला तर तव्यासारखा. तरी निघालो. हायवे पाचच्या कडेने वर येऊन सॅन लुईस जलाशयापाशी डावीकडे वळले, आणि स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं. नकाशा गेला. पुढे पाचेको खिंड, त्यापुढे सॅन होजेची नियंत्रित हवाई हद्द.

घाबरायचं कारण नव्हतं, कारण डाव्या हाताला जलाशय होता, खाली १५२ नंबरचा रस्ता खिंडीतून गिलरॉयकडे जाताना स्वच्छ दिसत होता आणि दाराच्या खिशात कागदी सेक्शनल चार्ट, म्हणजे वैमानिकांचा त्या भागाचा नकाशा, होता. नवऱ्याने फोनवर तेच ॲप उघडलं. फोनमध्ये जीपीएस असतोच. टॅब्लेट मी हवेच्या झोताखाली धरायला दिला, वीस मिनिटांनी तो पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून उतरलं की टॅब्लेट पिशवीत, माझ्याबरोबर, सावलीत. मागची बाजू पूर्ण झाकणारं जाड कव्हर मी काढून टाकलं. उन्हात पॉवर बँक लावून चार्जही करत नाही, चार्जिंगने तो आणखी तापतो. निघतानाच शंभर टक्के.

घरात आधीच वाय-फायचा चांगला टॅब्लेट असेल तर तो फेकू नका. गार्मिनचा ग्लो २ सारखा बाहेरचा रिसीव्हर ब्लूटूथने जोडला की काम होतं. सेंट्रीसारखा एडीएस-बी रिसीव्हर (विमानांनी आणि जमिनीवरच्या केंद्रांनी रेडिओवरून पाठवलेली माहिती पकडणारा) घेतला तर जीपीएसबरोबर आसपासची विमानं आणि हवामानही दिसतं, आणि अमेरिकेत त्या हवामानाला वर्गणी लागत नाही. फक्त पावसाच्या रडारचं चित्र पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं. ढगांच्या दोन गठ्ठ्यांमधली फट बघून त्यात घुसण्यासाठी ते चित्र नाही, लांबून वळसा घालण्यासाठी आहे.

बारामतीला किंवा गोंदियाला शिकणाऱ्यांनी मात्र टॅब्लेटवर पैसे घालण्याआधी आपल्या इन्स्ट्रक्टरला विचारावं, आणि ॲपमध्ये भारताचे चार्ट मिळतात का, ते किती पैशांत, हे बघून घ्यावं. वर लिहिलेली ॲपं मी अमेरिकेच्या नकाशांवर वापरलेली आहेत.

घेतल्यावर उडण्याआधी एक परीक्षा घ्या. एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, आणि दुसऱ्या कुणाला गाडी चालवायला सांगून वीस मिनिटं शहराबाहेर जा. ठिपका रस्त्यावरून सरकला पाहिजे आणि वेग स्पीडोमीटरशी जुळला पाहिजे. नेटवर्क नसताना पहिल्यांदा उपग्रह सापडायला वेळ लागतो, म्हणून विमानतळावरही मी प्रीफ्लाइट तपासणीच्या आधीच टॅब्लेट मोकळ्या आकाशाखाली चालू करते. आदल्या रात्री चार्ट ताजे करते. सेक्शनल दर ५६ दिवसांनी बदलतो, बाकीची बरीच माहिती २८ दिवसांनी. उंचीसाठी मात्र जीपीएसचा आकडा वापरायचा नाही. गरम दिवशी तो अल्टिमीटरपेक्षा (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणापेक्षा) जास्त दिसतो, आणि बाकीची सगळी विमानं अल्टिमीटरवरच उडत असतात.

त्या पुण्याच्या मुलाने टॅब्लेट बदलून घेतला. आता आम्ही दोघं उडतो तेव्हा मी वाटेत कुठेतरी त्याच्या स्क्रीनवर माझी वही ठेवते आणि विचारते, ‘सांग, आपण कुठे आहोत?’ परवा त्याने खिडकीतून खाली बघितलं, बोटाने रेल्वेचा रूळ आणि रस्ता जिथे एकमेकांना छेदतात ती जागा कागदी चार्टवर दाखवली, आणि मग वही बाजूला केली. ठिपका त्याच्या बोटापासून अर्ध्या मैलावर होता.