एकच जीआरएफ आयडी, दोन दावेदार: ओपनटीटीडीचा वाद कसा सोडवायचा

ओपनटीटीडी हा वाहतूक कंपनी चालवायचा संगणकावरचा खेळ. त्यात नवी वाहनं, उद्योग वगैरे आणणाऱ्या जोडफाइलींना न्यूजीआरएफ सेट म्हणतात, आणि अशा प्रत्येक सेटला चार बाइटांचा आयडी, म्हणजे जीआरएफ आयडी, असतो. खेळ सेट ओळखतो तो याच चार बाइटांवरून, सेटचं नाव काय आणि बनवणारा कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चार बाइटांत 429 कोटींहून जास्त आयडी बसतात. तरीही टक्कर होते, कारण रीत अशी पडली आहे की पहिल्या दोन बाइटांत स्वतःच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं आणि पुढच्या दोनांत सेटचा क्रमांक. मोठ्या अक्षरांच्या जोड्या होतात फक्त 676, आणि क्रमांक बहुतेकांचा 01 01 पासूनच सुरू होतो.

दोन सेटांचा आयडी एक निघाला तर खेळाच्या लेखी त्या एकाच सेटच्या दोन आवृत्त्या. यादीत एरवी नवी आवृत्तीच दिसते, म्हणून ज्याचा आवृत्ती क्रमांक लहान त्याचा सेट गायब होतो. दोन्ही दिसले तरी एका खेळात एकत्र लावता येत नाहीत, दुसरा लावताना आयडी दुबार असल्याची चूक येते. सगळ्यात वाईट प्रकार सेव्हगेममध्ये, म्हणजे जतन केलेल्या खेळात, होतो. सेव्हगेमात आयडीबरोबर एमडी5 बेरीजही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, साठवलेली असते. नेमकी ती फाइल संगणकावर नसेल, तर खेळ त्याच आयडीची चालण्याजोगी फाइल शोधतो आणि सुसंगत फाइल वापरल्याचा इशारा देऊन पुढे जातो. तुमच्या सेटमध्ये 12 क्रमांकाचं वाहन टपालाचा डबा होतं आणि समोरच्याच्या सेटमध्ये तिथे इंजिन आहे, तर खेळाडूची गाडी तिथेच बिघडली. तो तक्रार घेऊन तुमच्याकडे येणार, आणि तुमच्या फाइलमध्ये काहीच चूक सापडणार नाही.

म्हणून आधी खात्री करा. न्यूजीआरएफच्या खिडकीत सेट निवडला की आयडी, आवृत्ती, किमान सुसंगत आवृत्ती आणि एमडी5 दिसतात. आयडी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत, असतो. इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं मोठं अक्षर 41, दुसरं 42, म्हणजे त्या दोन अक्षरांचा पहिला सेट 41420101 असा दिसेल. आयडी एक आणि एमडी5 पण एकच, तर ती एकाच फाइलची प्रत आहे. आयडी एक, एमडी5 वेगळा आणि सेटही वेगळा, तरच वाद खरा. फक्त पहिली दोन अक्षरं जुळली म्हणून कुणाशी भांडू नका. आद्याक्षरांवर कुणाचीच मालकी नसते.

आता आयडी ठेवायचा कुणी? आमच्या मते जास्त सेव्हगेम ज्याच्यावर उभे आहेत त्याने. हे थेट मोजता येत नाही, म्हणून पहिल्या प्रकाशनाची तारीख पाहतात. बनानाज या अधिकृत साठ्यात आयडी पहिल्या अपलोडबरोबर त्या लेखकाच्या खात्याशी बांधला जातो, दुसऱ्याला तोच आयडी तिथे वापरता येत नाही. पण एवढ्यावर निकाल लावू नका. ही सोय 2009 मध्ये, 0.7 आवृत्तीबरोबर आली. त्याआधीचे सेट इतरत्र फिरत होते. समोरच्याला खासगीत लिहा आणि चार गोष्टी द्या: तो आयडी, दोन्ही एमडी5, दोन्हींच्या पहिल्या प्रकाशनाच्या तारखा, आणि बदल तुम्ही करायला तयार आहात की नाही. उत्तराला दोन-तीन आठवडे द्या, ही माणसं नोकरी सांभाळून हे करतात. तुमचा सेट अजून चाचणीतच असेल तर वाद घालत बसू नका, आयडी तुम्हीच बदला.

दुसऱ्याचा सेट सुधारून काढताना गल्लत होते ती परवान्यावरून. जीपीएल 2 हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना बदल करून वाटायची मुभा देतो, पण जुन्या सेटची पुढची आवृत्ती म्हणून मिरवण्याची नाही. बदललेल्या फाइलींवर बदलाची नोंद आणि तारीख हवी, आणि आयडी नवा हवा. मूळ लेखकाने सेट रीतसर सोपवला असेल तरच जुना आयडी चालवा. मग वाहनांचे क्रमांक हलवू नका. एनएमएल या सेट लिहायच्या भाषेत क्रमांक दिला नाही तर तो आपोआप ठरतो, आणि मध्ये एक डबा घातला की पुढचे सगळे सरकू शकतात. म्हणून प्रत्येकाला क्रमांक लिहूनच द्या. पॅरामीटरचा, म्हणजे खेळाडूला बदलता येणाऱ्या सेटिंग्जचा, क्रमही तसाच ठेवा. काही मोडलंच तर किमान सुसंगत आवृत्ती वाढवा, म्हणजे जुना सेव्हगेम चुकीच्या फाइलवर उघडणार नाही.

नवा आयडी निवडताना एफएफने सुरू होणारे वगळा, ते खेळासाठी राखीव आहेत. शेवटचे दोन बाइट 01 01 ऐवजी काहीही घ्या. मग जुना आयडी सेटच्या स्रोत-कोडमध्ये शोधा: स्वतःच्याच सेटची स्थिती तपासणाऱ्या ओळींत तो राहून जातो. दुसऱ्या सेटची इंजिनं बदलणारे जोडसेट आणि इतर सेट दिसला की स्वतःला बंद करणारे उद्योगसेट तुमचा आयडी थेट लिहितात, त्यांच्या लेखकांना प्रकाशनाआधी कळवा. जुनी फाइल काढून टाकू नका, जुन्या सेव्हगेमना तीच लागते.

शेवटची चाचणी: फक्त नवी फाइल ठेवून जुना सेव्हगेम उघडा. खेळाने फाइल सापडत नाही असं सांगायला हवं. सुसंगत फाइल वापरल्याचा इशारा आला, तर आयडी बदललेला नाही. स्रोत पुन्हा बघा आणि फाइल नव्याने बांधा.