दोन पोर्टच्या लॅपटॉपवर अख्खं सेवा केंद्र

सेलूतल्या माझ्या सेवा केंद्रावर थंब मशीन (बोटाचा ठसा घेणारं), वेबकॅम, प्रिंटर, माऊस, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) आणि अधूनमधून हार्ड डिस्क, एवढं सगळं एकाच लॅपटॉपला लागतं. त्याला साधे यूएसबी पोर्ट दोन आणि टाइप-सी एक. जुलैत पीकविम्याची गर्दी उसळली की यातलं काहीच काढून ठेवता येत नाही. नवीन केंद्र टाकणारी पोरं-पोरी विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

यावर उपाय म्हणजे हब, एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी. पण हब घ्यायच्या आधी विजेचा हिशोब करा. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. बिनअ‍ॅडाप्टरचा चार तोंडांचा हब लावला तर तेवढ्यातच चौघांचं भागवावं लागतं. माऊस न् टोकनला फार लागत नाही. पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र फिरायला लागताना एकटीच खूप ओढते. तेवढ्यात थंब मशीनच्या काचेखालचा दिवा मंदावतो, लॅपटॉप टुंग वाजवतो, मशीन तुटतं आणि परत जोडलं जातं. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या मावश्यांचा ठसा आधीच पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. त्यात मशीन तुटलं की त्या पदराला बोट पुसत म्हणतात, "माझंच बोट खराब हाय, बाई." हे ऐकवत नाही. म्हणून हब घ्यायचा तर स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेलाच घ्या. अ‍ॅडाप्टरवर ५ व्होल्ट आणि निदान २ अँपिअर लिहिलेलं बघा, ३ असेल तर उत्तम.

आता कोण कुठं. थंब मशीन थेट लॅपटॉपला, कायम एकाच पोर्टात. दुसऱ्या साध्या पोर्टात हब, आणि त्यावर वेबकॅम, माऊस, टोकन, प्रिंटर. प्रिंटरला स्वतःची वीज असते, तो हबवर भार टाकत नाही. वायफायवाला प्रिंटर असेल तर तेवढीही जागा मोकळी होते. प्रत्येक वायरला नावाची चिकटपट्टी लावा. पोर्ट बदलला की काही मशिनींचा ड्रायव्हर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज नव्यानं बसवत राहतं, आणि दारात रांग असताना तो वेळ परवडत नाही.

हबवरची सगळी मशिनं लॅपटॉपशी एकाच वायरीतून बोलतात. २.० चा हब ३.० च्या पोर्टात लावला तरी वेग सेकंदाला ४८० मेगाबिटच्या वर जात नाही. वेबकॅम चालू असताना त्याच हबवरून हार्ड डिस्कवर मोठ्या फायली टाकू नका.

आपल्याकडचा खरा प्रश्न लाईटचा. लाईट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण हबचा अ‍ॅडाप्टर बंद पडतो. मग बरेचसे हब लॅपटॉपच्याच पोर्टातून वीज ओढायला लागतात आणि मघाचाच घोळ सुरू होतो. हबचा अ‍ॅडाप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावरच लावा. लाईट जा-ये करत असेल तेव्हा कॉपी करायला घेऊ नका, अर्धवट तुटलेली फाईल उघडत नाही.

बिनवायरच्या माऊसचा रिसीव्हर ३.० च्या हबमध्ये किंवा हार्ड डिस्कला खेटून लावला तर बाण अडखळतो. असे माऊस बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतात, आणि ३.० च्या वायरी नेमक्या त्याच्याच आसपास गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर लिहिलेलं आहे. वीतभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर बाजूला घेतला की काम भागतं.

टाइप-सीचा हब घ्यायचा विचार असेल तर आधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा. काही लॅपटॉपांत त्या पोर्टातून डेटा जातो पण चार्जिंग होत नाही, काहींत स्क्रीन जोडता येत नाही. चालत असेल तर हार्ड डिस्क तिकडं हलवा. परभणीला हब घ्यायला जाल तेव्हा लॅपटॉप आणि हार्ड डिस्क सोबत न्या, अ‍ॅडाप्टर लावून दुकानातच जोडून बघा, आणि डिस्क फिरत असताना बाकीचं काही तुटतंय का ते पाहूनच पैसे द्या.